हेव्याचा वर्षावास

आषाढी पौर्णिमा तोंडावर आली की आमच्या गल्लीतल्या दोऱ्यांवर पांढरी लुगडी दिसायला लागतात. वर्षभर पेटीत घडी पडून राहिलेली. बोअरच्या जड पाण्यानं त्यांना एक पिवळट झाक आलेली असते, ती निळीत बुडवून लपवायची. पाऊस असतोच असं नाही. नांदूरघाटचा आषाढ पुष्कळदा कोरडाच जातो. ढग येतात, डोंगरावर घटकाभर टेकतात आणि आम्हाला न विचारता पुढं निघून जातात. पण लुगडी वाळत पडली की वर्षावास आला हे कळतं. मग विहाराच्या कर्ण्यावरून संध्याकाळची वंदना सुरू होते आणि चुलीपुढं बसलेल्या बायकाही भाकरीच्या थापांवर ती पुटपुटत राहतात.

पावसाळ्याचे हे तीन महिने भिक्खूंनी गावोगाव फिरायचं नाही, एका ठिकाणी राहायचं, लोकांना धम्म सांगायचा, ही जुनी रीत. आमच्या गावाला ती समजावून सांगावी लागत नाही. इथली निम्मी माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ती उन्हाळा तापल्यावरच परततात. त्यांचाही घरचा मुक्काम काय तो पावसाळ्यात. त्यामुळं विहार भरतो तोही याच दिवसांत. फिरणाऱ्या माणसांना थांबलेल्या माणसाचं ऐकायला आवडत असावं.

काल मायचं लुगडं दोरीवर टाकताना मला तो एक वर्षावास आठवला. त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी विहारात डबा नेत होते, रोज गुडघे टेकून वंदन करत होते आणि रोज आतून जळत होते. हेवा हा शब्द फार सभ्य आहे. पुस्तकातला. आमच्याकडं ‘जळतंय’ म्हणतात, तेच बरोबर. छातीच्या खाली, पोटाच्या वर, कुठंतरी विस्तव ठेवल्यासारखं.

मायला आम्ही दोन लेकी. मी कमल, मोठी. वंदना धाकटी. बाप आम्ही लहान असतानाच गेला. माय लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि घर माझ्या अंगावर असायचं. वंदनानं ताट तसंच टाकलं तरी माय म्हणायची, ‘ल्हान हाय ती.’ मी टाकलं तर म्हणायची, ‘मोठी हायस ना तू?’ या दोन वाक्यांत आमचं बालपण गेलं. पुढं मी डी.एड. करून गावातल्याच शाळेत शिक्षिका झाले. नवराही जवळच्या गावातला मिळाला, मायच्या घराला लागून आम्ही दोन खोल्या बांधल्या. वंदना नर्सिंग शिकून संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. सणासुदीला यायची, मायसाठी स्वेटर, गुडघ्याचा पट्टा, असलं काहीबाही आणायची. माय ते गल्लीभर दाखवून यायची. रोजची गोळी हातावर ठेवणारी मी. गोळी कुणाला दाखवतात?

मग वंदना ध्यानाच्या शिबिरांना जायला लागली. आधी सुट्टी काढून, मग बिनपगारी रजा काढून. लग्नाचं विचारलं की हसायची. आणि एके दिवशी शाळेची मधली सुट्टी चालू असताना तिचा फोन आला. ‘अक्का, मी परवा दीक्षा घेतली. नोकरी सोडली. मायला तू सांग.’

मायला मी सांगितलं. ती ओट्यावर सुपात मूग निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. ‘लेकीचं डोस्कं भादरलं,’ एवढंच म्हणायची. तिच्या पिढीत बाईचं डोकं कधी भादरतात, ते तिला माहीत होतं. कितीतरी दिवस तिनं धड जेवण घेतलं नाही. मी पेज करून चमच्यानं भरवायची. ती तोंडात धरून ठेवायची, कधी थुंकायची. माझी शाळेची साडी त्या पेजेनं भरायची.

दोनेक वर्षं अशी गेली. मग बीडला एक धम्म परिषद झाली, गल्लीतल्या बायका गाडी करून गेल्या आणि मायलाही घेऊन गेल्या. मला शाळेमुळं जाता आलं नाही. माय संध्याकाळी परतली ती निराळीच. गाडीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाली, ‘वंदी वर बसलीती, आन् डाक्टर, वकील समदे खाली. समदे वाकत व्हते.’ थोडं थांबून म्हणाली, ‘मी बी वाकले.’

त्या दिवसापासून मायनं तिचं नाव टाकलं. वंदी नाही, लेक नाही. आर्याजी.

आणि मग विहाराच्या कमिटीनं ठरवलं की यंदाच्या वर्षावासाला आपल्याच गावच्या लेकीला बोलवायचं. भिक्खुणी म्हणून तिचं नवं नाव सुमना होतं, पण गावात सगळे मानानं आर्याजीच म्हणत.

ती आली तो दिवस मला लख्ख आठवतो. पहाटे भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि फाट्यावर चिखल होता. बायका पांढऱ्या लुगड्यांचे ओचे वर धरून उभ्या होत्या. जीप थांबली, काषाय चीवरातली वंदना उतरली. खांद्याला झोळी, डोकं गुळगुळीत, कान आधीपेक्षा मोठे दिसत होते. लहानपणी तिला केसांचा भारी सोस. रोज सकाळी माझ्याकडून दोन वेण्या घालून घ्यायची, एक जरी वरखाली झाली तर रडायची. मी त्या वेण्या शोधत असतानाच माय पुढं झाली आणि चिखलात गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीला लावून, कपाळ खाली नेलं. एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा. मायचे गुडघे गेलेले. संडासला बसायचं तरी तिला माझा खांदा लागायचा.

वंदना हलली नाही. भिक्खुणीनं गृहस्थाला परत वंदन करायचं नसतं. ती शांतपणे म्हणाली, ‘सुखी होतु.’ मायनं डोकं वर केलं. कपाळावर चिखलाचा टिळा लागला होता आणि ती हसत होती. इतकं मोकळं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा ती म्हणाली होती, ‘चल, बरं झालं, आता गव्हाचं दळण आन.’

मग माझी पाळी आली. मी वाकले. माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांपुढं. तिच्या नखात लहानपणी लागलेल्या विळ्याची खूण अजून होती. ती जखम मी बांधली होती.

भिक्खुणी दुपारच्या आत एकदाच जेवते. म्हणजे सकाळी डबा लवकर तयार पाहिजे. गल्लीनं वार वाटून घेतले होते, पण मायनं काही कुणाचं ऐकलं नाही. वार कुणाचाही असो, आमच्या घरून भाकर जायचीच. मायच्या बोटांचे सांधे सुजलेले. कितीतरी वर्षं ती मला सांगत आली होती, ‘माझ्या हातानं आता भाकर व्हत न्हाई, तूच थाप.’ शाळेच्या गडबडीत मी थापत आले होते. आता ती माझ्याआधी उठून चुलीपुढं बसलेली असायची. परातीत ज्वारीचं पीठ मळत, पातळ, गोल, पापुद्रा सुटलेली भाकर करायची. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायची, मिक्सरातली चालायची नाही. हुलग्याचं माडगं करायची. मी माहेरपणालासुद्धा ते कधी खाल्लं नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या लेकीला माहेरपण कुठून असणार?

‘मला एक भाकर दे की गं,’ मी एकदा म्हणाले.

‘कालची हाय ना टोपल्यात,’ ती म्हणाली. ‘ह्या आर्याजीच्या हायत्या.’

डबा मीच घेऊन जायची. विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पुढं सिमेंटचा कट्टा, आत बुद्धांची मूर्ती. वंदना भिक्षापात्र घेऊन बसलेली असायची. मी भाकर वाढायची, तिनं मान खाली घालून खायचं. जेवताना बोलायचं नाही हा नियम. सोबतीला गल्लीतली काशाबाई विहारातच राहायची, तिच्यामुळं आम्हा दोघींना एकटं बोलणं कधी जमायचंच नाही. मी परत येताना रिकामा डबा आणि मनात भरलेलं काहीतरी घेऊन यायची. शाळेत मुलांवर विनाकारण चिडायची.

भाद्रपदात आमच्या मागच्या परसातल्या सीताफळाला डोळे पडायला लागले, फळं उतरवायला आली. ते झाड मी लावलेलं. मी पाणी घातलेलं. त्याची पहिली फळं माय दरवर्षी माझ्या पोरांना द्यायची, पोरं शिकायला बाहेर गेली तशी मला. त्या वर्षी मी दळणासाठी ज्वारीचा पत्र्याचा डबा उघडला, हात आत घातला तर बोटांना गार, खडबडीत काहीतरी लागलं. ज्वारीत पुरून पिकत घातलेली सीताफळं.

‘ही कुणाला गं माय?’

‘हात लावू नको. आर्याजीला.’

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. दोन लेकरांची आई, शाळेतली सगळ्यात जुनी शिक्षिका. त्या डब्यापुढं उकिडवी बसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सीताफळासाठी. आपलं दुःख एवढं लहान आहे याचीच लाज जास्त वाटली. मोठं दुःख असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं.

संध्याकाळी प्रवचन असायचं. त्रिशरण, पंचशील झालं की वंदना बोलायला लागायची. ती छान बोलायची, हे मला कबूल करावंच लागेल. दवाखान्यातले प्रसंग सांगायची, मोबाईलचं सांगायची, सासू-सुनेचं सांगायची. तिच्या बोलण्यात पाली शब्द यायचा, पण तो ताटातल्या मिठाएवढा. आमच्या वस्तीतल्याच नव्हे, पलीकडच्या आळीतल्या बायकाही कट्ट्यावर येऊन टेकायला लागल्या. बाईच चीवर घालून बसलीय म्हटल्यावर त्यांना संकोच वाटत नसे. त्यांत रुक्मिण होती, नवऱ्यासोबत दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, तोंडानं फटकळ.

एक दिवस वंदना मुदितेवर बोलली. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून आपल्याला आनंद होणं, ती मुदिता. करुणेपेक्षा अवघड, ती म्हणाली, कारण रडणाऱ्याजवळ बसता येतं, हसणाऱ्याजवळ बसवत नाही.

रुक्मिणनं मधेच विचारलं, ‘आर्याजी, माझ्या जावंचा पोरगा पोलिसात लागला. तिनं पेढा दिला. मी खाल्ला, पर त्यो गळ्याखाली उतरंना. आता काय करावं मानसानं?’

बायका हसल्या. वंदनाही हसली. ‘खाल्लास पण ना?’

‘खाल्ला. थुकता थोडाच येतोय.’

‘अडकलाय हे तुला कळलं ना?’

‘कळलं की. लई कळलं.’

‘मग आजच्यापुरतं तेवढंच पुष्कळ हाय,’ वंदना म्हणाली. ‘लोक पेढा गिळतात आणि वर म्हणतात, मला कुठं जळतंय? त्यांचं अवघड. तू रोज बघत जा, कुठं अडकतंय ते. जावंवर चिडू नको, आन् स्वतःवर तर मुळीच चिडू नको.’

हे सगळं बोलताना ती माझ्याकडं एकदाही बघत नव्हती. म्हणूनच मला खात्री पटली की ती माझ्याविषयीच बोलतेय. मला राग आला. माझ्या विस्तवावर हिनं प्रवचन शेकून घ्यावं?

‘साधु, साधु, साधु,’ बायका म्हणाल्या. सगळ्यांत मोठा आवाज मायचा.

घरी येताना ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती. ‘कशी बोलती बग,’ ती म्हणाली. ‘कुनाला जांबई न्हाई आली. तू शिकवतीस तर पोरं झोपत्यात म्हन.’

‘कोण म्हणतं?’

‘पोरंच म्हनत्यात.’

मी तिचा हात सोडला नाही, पण दोन पावलं तिला जरा भराभर चालवलं.

भाद्रपद सरता सरता मायला ताप आला. आधी साधा वाटला, मग अंगावर बारीक लाल ठिपके दिसायला लागले. केजच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, पेशी कमी झाल्यात, ठेवून घ्यावं लागेल. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना मायनं माझा पदर धरून बजावलं, ‘आर्याजीला सांगू नको. त्यांचा वर्षावास मोडंल.’ मी सांगितलं नाही. मायची आज्ञा पाळतेय असं स्वतःला समजावलं. पण खरं म्हणजे मला ते बरंच वाटत होतं. दवाखान्यात तरी माय पूर्ण माझी.

काशाबाईच्या तोंडात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या दारात चीवर दिसलं. सगळ्या खाटांवरच्या माना तिकडं वळल्या. मायनं डोळे उघडले, पाहिलं, आणि सलाईनची सुई हातात असताना उठून बसायला गेली.

‘माय, पडून राहा,’ वंदना म्हणाली.

‘आर्याजी, तुमी कावून आलात? मोडला ना वर्षावास?’

‘मोडत न्हाई. आईबाप आजारी असले तर काही दिवस जायची मुभा असते. बुद्धांनीच दिलीय.’

मायला ते पटलं असावं, ती पुन्हा उशीवर टेकली. मी तिच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. वंदनानं झोळी खाली ठेवली, चीवर सावरून घेतलं आणि पट्टी बदलायला हात पुढं केला. तसं मायनं तिचं मनगट धरलं. तापानं फणफणलेली असूनही घट्ट धरलं.

‘तुमी न्हाई,’ ती म्हणाली. ‘कमल करंल.’

‘मी नर्स व्हते, माय. मला येतं.’

‘येत आसंल. पर तुमी आता समद्यांच्या. माज्या आंगाला हात लावू देऊ व्हय मी? कमल हाय की.’

वंदना स्टुलावर बसली. मी पट्टी बदलली. उशी सरळ केली, ओठांना पाणी लावलं, पायावरची चादर नीट केली. गरज होती त्यापेक्षा जरा सावकाश केलं. ती बघत होती, हे मला कळत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या आतला विस्तव निवला. त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. मला गोड वाटत होतं.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात मी तिला कोरा चहा आणून दिला. दुपार कलली होती, म्हणून बिस्कीट दिलं नाही. ती पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

‘किती परक्या माणसांना मी आंघोळी घातल्यात, अक्का,’ ती म्हणाली. ‘मेलेल्यांनासुद्धा. आणि मायच्या कपाळाला हात लावायला मिळेना. तुझं बरं आहे.’

‘माझं बरं आहे?’

‘तुला ती शिव्या देते.’

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती थट्टा करत नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते. ‘मला आल्यापासून एक शिवी दिली नाही तिनं,’ ती म्हणाली. ‘मी झाडताना कोपरा सोडला तरी हात जोडते. तुझा आवाज ऐकू येतो ना कधी कधी सकाळी, तुम्ही दोघी भांडता तेव्हा, मी ध्यानाला बसलेली असते. मन तिकडंच जातं.’

मी जिच्यावर जळत होते ती माझ्या खरकट्यावर डोळा ठेवून होती.

संध्याकाळी ताप पुन्हा चढला. मायच्या डोळ्यांची आग होत होती, म्हणून पट्टी कपाळावरून डोळ्यांवर ओढून ठेवली होती. माझा खांदा सकाळपासून पट्ट्या पिळून भरून आला होता. उदार होऊन मी काही केलं असं नाही. हात दुखत होता, एवढंच. मी वंदनाला खुणेनं बोलावलं, ओली पट्टी तिच्या हातात दिली आणि स्वतः पायथ्याशी जाऊन बसले.

तिनं पट्टी ठेवली. मग तळहात मायच्या कपाळावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मायनं सकाळसारखं मनगट धरलं नाही. मग माय हळूच म्हणाली, ‘कमे.’

‘काय गं?’ सवयीनं माझ्या तोंडून गेलं, आणि मी दचकले, कारण आवाज पायथ्याकडून गेला होता. पण मायनं डोळ्यांवरची पट्टी काढली नाही.

‘वंदीसाठी मी पडून व्हते, तवा तू मला पेज भरवायचीस.’

‘व्हय.’

‘मी तुज्या आंगावर थुकायची. समदं ध्यानात हाय माज्या.’

‘ऱ्हाऊ दे आता.’

‘तू येक डाव बी रागं भरली न्हाईस. साडी धुऊन पुन्ना वाटी घिऊन यायचीस.’ तिला धाप लागली. ती थांबली, मग म्हणाली, ‘लोक म्हनत्यात, आर्याजी व्हायाला डोस्कं भादरावं लागतं. तू न भादरताच...’

मी पुढं वाकले. वंदनाही वाकली. मायचा श्वास लांब व्हायला लागला. तिला झोप लागली होती.

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबले होते. ते आलं ते अर्धं आलं, आणि आलं तेव्हा मायच्या कपाळावरचा हात माझा नव्हता. वंदना रडत होती, आवाज न करता. तिच्या हनुवटीवरून एक थेंब मायच्या उशीवर पडला. सलाईनची बाटली संपेपर्यंत तिनं तो हात उचलला नाही. मी पायथ्याशी बसून त्या हाताकडं बघत होते, आणि मला त्या हाताचाही हेवा वाटत होता.

माय बरी झाली. घरी आली, चहात साखर कमी आहे म्हणून मला बोलायला लागली, आर्याजीपुढं हात जोडायला लागली. दवाखान्यातलं कुणी काढलं नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. तोपर्यंत मुकादमांचे ट्रॅक्टर गावात यायला लागले होते. ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, गाठोडी रचलेली. रुक्मिण पहिल्याच टोळीबरोबर निघाली. निघण्याआधी विहारात येऊन वंदनाच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, ‘अजून अडकतंय बगा, पर थोडं थोडं उतरतंय.’

वंदना निघायच्या आधी मला विहाराच्या मागं घेऊन गेली. वर्षावास संपताना पवारणा नावाचा एक विधी असतो. सोबतच्या भिक्खूंना विचारायचं की माझं काही चुकलेलं तुम्हाला दिसलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. ‘इथं दुसरी भिक्खुणी नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणून रीत नसली तरी तुला विचारते. सांग अक्का.’

माझ्या मनात सीताफळं होती, भाकरी होत्या, मुदितेचं प्रवचन होतं. तोंडातून निघालं ते निराळंच. ‘फोन,’ मी म्हणाले. ‘दीक्षा घेऊन झाल्यावर केलास. आधी केला नाहीस. मायला मी सांगितलं, मी एकटीनं सोसलं.’

ती काहीतरी सांगायला गेली. लहानपणापासून तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं. पण तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, ‘चुकलं.’

एवढंच. मी पुष्कळ वर्षं हा एक शब्द ऐकायला टपले होते. तो ऐकला आणि मनात आलं, हे म्हणणंसुद्धा हिला किती सोपं गेलं. मला जमलं असतं का? तिथं विहाराच्या मागं उभी राहून मी त्याचाही हेवा करत राहिले.

त्यानंतर तिचे वर्षावास निरनिराळ्या गावांना झाले. यंदा ती गेवराईकडच्या एका विहारात आहे. उद्या पौर्णिमा. मायनं चार दिवसांपासून धोशा लावलाय की मला तिकडं घेऊन चल. तिचं लुगडं वाळलं, इस्त्रीही झाली. मघाशी मी तिचे केस विंचरत होते. पांढरे, विरळ, हातात मावतील एवढेच. बाहेर ढग भरून आले होते आणि कर्ण्यावर कुणीतरी आवाज तपासत होतं. मी सहज विचारलं, ‘माय, केजच्या दवाखान्यातलं तुला काही आठवतं का गं? मी पट्ट्या ठेवत होते ते?’

‘आठवतं की,’ ती म्हणाली. ‘सांजच्याला वंदीचा हात व्हता.’

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. वंदी हे नाव मी तिच्या तोंडून त्या संध्याकाळनंतर आत्ताच ऐकलं.

‘तुला कळलं व्हतं?’

‘कळंना व्हय? तुजी बोटं खडूनं खरबरीत झाल्यात. तिची मऊ. आन् तू पायथ्याकून व्हय व्हय करत व्हतीस.’

‘मग सकाळसारखा हात कावून धरला न्हाईस तिचा?’

‘डोळ्यावर पट्टी व्हती की,’ माय म्हणाली. ‘चीवर काय दिसत न्हवतं. लेकीचा हात व्हता, ऱ्हाऊ दिला.’

मी पुन्हा कंगवा फिरवला. मग विचारलं, ‘आन् ते बोललीस ते?’

‘ते तुला बोलले. तिला बी ऐकू जावं म्हनून बोलले.’

‘पण अर्धंच बोललीस. तू न भादरताच... पुडं काय म्हणणार व्हतीस?’

समोरच्या दोरीवर कुणाचं तरी लुगडं वाऱ्यानं उडत होतं, ती तिकडं बघत होती. मी वाट बघितली. मला ठाऊक आहे, तिच्या सगळं ध्यानात असतं.

‘न्हाई ध्यानात,’ ती म्हणाली. ‘झोप लागली माजी. आन् आंबाडा जरा वडून बांध. उद्या आर्याजीपुडं वाकताना सुटतुया.’

मी केस गोळा केले, पीळ दिला, आणि गाठ गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट मारली.